बिलापायी जाणारी मिनिटं

अमेरिकेत डॉक्टरकडे साध्या तपासणीला जाऊन आलात, की मागे त्या एका भेटीच्या बिलावर 13 मिनिटं काम चालतं. त्याचा खर्च सुमारे 20 डॉलर. भरती होऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर 100 मिनिटं आणि 215 डॉलर. हे आकडे तिथल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतले, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले. सगळ्या नोंदी संगणकावर असूनही ही गत!

या मिनिटांत चालतं काय? रुग्णाचा विमा चालू आहे का ते बघायचं, पूर्वपरवानगी काढायची, आजाराला सुमारे 70 हजार संकेतांकांतला नेमका एक लावायचा, दावा पाठवायचा, फेटाळला तर भांडायचं. प्रत्येक कंपनीचे नियम निराळे आणि त्याच शस्त्रक्रियेचे दरही निराळे. कंपनी खोट काढायला माणसं नेमते, म्हणून रुग्णालयाला उत्तरं द्यायला माणसं नेमावी लागतात.

सीमेपलीकडे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डॉक्टर एकाच ठिकाणी, म्हणजे प्रांताच्या सरकारी विम्याकडे, ठरलेल्या दराने बिल पाठवतो. रुग्णालयांना बराचसा पैसा वर्षाच्या एकरकमी अंदाजपत्रकातून मिळतो, त्यामुळे माणशी हिशेबाची फारशी गरजच उरत नाही. 2011 साली या दोन्हीकडच्या दवाखान्यांची तुलना झाली. विमा कंपन्यांशी व्यवहार करण्यात अमेरिकेत दर डॉक्टरमागे नर्स आणि मदतनिसांचे आठवड्याला 20.6 तास जात होते, ऑन्टारिओत 2.5. म्हणजे अर्धा आठवडा रुग्णाऐवजी फोनवर.

2017 साली अमेरिकेत आरोग्यखर्चाचा 34.2 टक्के भाग प्रशासनावर गेला, कॅनडात 17 टक्के. कॅनडाइतक्यात भागलं असतं तर वर्षाला 600 अब्ज डॉलरहून जास्त वाचले असते, असा हे आकडे काढणाऱ्या अभ्यासकांचा हिशेब. विमा नसलेल्यांना सामावून घ्यायचं तर पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाला त्यांचं उत्तर हेच.

नुसता कंपन्यांचा नफा आवळून हे साधत नाही. अमेरिकेतल्या 2010 च्या कायद्याने विमा कंपन्यांना हप्त्यांतले 80 ते 85 टक्के उपचारांवर खर्च करण्याची सक्ती केली. पण रुग्णालयाच्या बिलिंग विभागाचे पगार रुग्णालयाच्या बिलातूनच निघतात, त्यामुळे कागदोपत्री तेही ‘उपचार’च ठरतात!

एकच सरकारी विमा हवा, असंही नाही. जर्मनीत विमा देणारे आरोग्य निधी अनेक आहेत, मात्र रुग्णालयांना त्यांच्याकडून मिळणारे दर सामाईक. माझ्या मते खरी मेख इथे आहे: विमा सर्वांना आणि दर एक. कॅनडात गुडघा बदलायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं हे खरंच, पण ते दुखणं खाटा आणि डॉक्टरांच्या तुटवड्याचं. रांगेचं कारण बिलाची सोपी पद्धत नव्हे.

आपल्याकडे कॅशलेस विमा वाढतोय, तशी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीपुढची गर्दीही. डॉक्टरांनी सकाळी घरी सोडलेला रुग्ण मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत खाट अडवून बसतो. 2024 मध्ये विमा नियामकाला नियमच करावा लागला, की अंतिम मंजुरी तीन तासांत द्या.