नाळेत सापडलेला पारा : मिनामाताची पार्श्वभूमी

बाळाची गळून पडलेली नाळ वाळवून, कापसात गुंडाळून लहानशा लाकडी डबीत जपून ठेवण्याची जुनी चाल जपानमध्ये आहे. आपल्याकडे नाळ पुरतात, आणि एखाद्याचे मूळ गाव सांगताना त्याची नाळ तिथे पुरली आहे असे म्हणतात. जपानी आई मात्र ती डबी घरातच सांभाळते. क्यूशू बेटावरच्या मिनामाता परिसरात डॉ. मासाझुमी हारादा यांनी घरोघर हिंडून अशा डब्या मिळवल्या. त्या वाळक्या तुकड्यांतील मिथिल पाऱ्याचे (पाऱ्याच्या एका विषारी सेंद्रिय संयुगाचे) प्रमाण मुलांच्या जन्मवर्षानुसार मांडले, तेव्हा त्याचा चढउतार गावातल्या कारखान्याच्या उत्पादनाबरोबर चालत असल्याचे दिसले. या तपासणीचे निष्कर्ष 1975 मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर या पाऱ्याच्या विषबाधेची, म्हणजे मिनामाता रोगाची, अधिकृत नोंद होऊन एकोणीस वर्षे लोटली होती आणि नाळेची ती मुले पंधरा-वीस वर्षांची झाली होती.

कारखान्याची सुरुवात 1908 सालची. पुढे चिस्सो या नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीने तिथे आधी कार्बाइड आणि खते बनवली. मासेमारी, थोडी शेती आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या गावाला पगाराची नोकरी प्रथमच मिळाली. शहराच्या करउत्पन्नाचा मोठा वाटाही कंपनीकडून येऊ लागला. सांडपाण्याने मासळी घटते ही मासेमारांची तक्रार अगदी जुनी आहे. 1926 मध्ये कंपनीने त्यांच्या संस्थेला 1,500 येन दिले, ते पुन्हा तक्रार करायची नाही या अटीवर. थोडे पैसे देऊन पुढच्या सगळ्या तक्रारींची तोंडे बंद करण्याची ही रीत तेव्हाच बसली, आणि ती लक्षात ठेवावी लागते, कारण तेहतीस वर्षांनी ती जशीच्या तशी परत आली.

1932 मध्ये असेटाल्डिहाइडचे उत्पादन सुरू झाले. प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांसह अनेक पदार्थांना ते लागे. असेटिलीन वायूपासून ते बनवताना पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरत, आणि त्या टाकीतच थोड्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर होई. 1951 मध्ये प्रक्रियेतील एक साहाय्यक रसायन बदलले गेले, त्यानंतर हे प्रमाण वाढले. सांडपाणी ह्याक्केन बंदरात सुटे. पाण्यातले विष सूक्ष्म जीवांत, त्यांच्यातून शिंपल्यांत आणि लहान माशांत, मग मोठ्या माशांत साठत गेले. बाजूच्या वाड्यांमध्ये तिन्ही त्रिकाळ मासळीच असे, तेव्हा साखळीचे शेवटचे टोक कुठे होते हे वेगळे सांगायला नको.

आधी मांजरे गेली. तोंडातून लाळ गळत, गरगर फिरत, भिंतीवर आपटत ती समुद्रात पडत. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. ऑगस्ट 1954 मध्ये मोदो या वाडीविषयी स्थानिक वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. मांजरे जवळजवळ संपल्यामुळे उंदरांचा सुळसुळाट झाला आहे, त्यांचा बंदोबस्त करावा, अशी मासेमारांनी नगरपालिकेकडे केलेली ती विनंती होती. एप्रिल 1956 मध्ये सहा वर्षांचीही न झालेली एक मुलगी कारखान्याच्याच रुग्णालयात दाखल झाली. तिला धड चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते, झटके येत होते. काही दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीला तेच झाले. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी 1 मे 1956 रोजी, मज्जासंस्थेच्या अज्ञात रोगाचे रुग्ण आढळत असल्याचे आरोग्य केंद्राला कळवले. रोगाच्या अधिकृत नोंदीची तारीख हीच मानतात.

रोग संसर्गजन्य असावा, असा पहिला तर्क होता. घरांवर जंतुनाशके फवारली गेली, शेजाऱ्यांनी येणे-जाणे तोडले, दुकानदार अशा घरांतील लोकांच्या हातून पैसे घ्यायला कचरू लागले. तर्क खोटा ठरला तरी कलंक राहिला. मुलामुलींची लग्ने मोडतील, मासळी विकली जाणार नाही, या धास्तीने कितीतरी घरांनी आजार झाकून ठेवला. पुढे रुग्णांची मोजणी कधीच नीट झाली नाही, त्याची मुळे या भीतीतही आहेत.

कारण मात्र लवकर कळत आले होते. विष मासळीतून येते, हे कुमामोतो विद्यापीठाच्या पथकाने 1956 संपण्यापूर्वीच ओळखले. परंतु त्या मासळीवर कायद्याने बंदी घालावी का, असे कुमामोतो प्रांताने 1957 मध्ये विचारले, तेव्हा मिनामाताच्या आखातातील सगळीच मासळी विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, असे उत्तर आरोग्य मंत्रालयाने दिले. सप्टेंबर 1958 मध्ये कंपनीने सांडपाण्याचे तोंड बंदराऐवजी मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवले, आणि काही महिन्यांत उत्तरेकडच्या गावांत नवे रुग्ण दिसू लागले; एरवी कोणी मुद्दाम करणार नाही असा प्रयोगच तो झाला. जुलै 1959 मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याचे नाव घेतले. त्याच महिन्यात होसोकावांनी असेटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी एका मांजराच्या अन्नात मिसळायला सुरुवात केली होती. मांजर क्रमांक 400. ऑक्टोबरमध्ये त्याला तीच लक्षणे झाली. कंपनीने निष्कर्ष दाबला आणि प्रयोग थांबवायला लावला. होसोकावांनी तो न्यायालयापुढे सांगितला 1970 मध्ये, रुग्णशय्येवरून. त्याच वर्षी ते वारले.

डिसेंबर 1959 मध्ये गाजावाजा करून सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा सुरू झाली. सेंद्रिय पारा काढण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती. महिनाअखेरीस रुग्णांशी 'सांत्वनाच्या पैशांचा' करार झाला. मृतामागे 3 लाख येन, हयात प्रौढ रुग्णाला वर्षाला 1 लाख, मुलाला 30 हजार. आणि दोष कारखान्याचाच आहे असे पुढे सिद्ध झाले तरी आणखी काही मागायचे नाही. वर्षअखेर, घरात आजारी माणूस, विकली न जाणारी मासळी, अशा स्थितीत सह्या झाल्या. हा करार नीतिबाह्य म्हणून न्यायालयाने रद्द ठरवला, पण त्यासाठी 20 मार्च 1973 उजाडावा लागला.

करार झाला तेव्हा एका गटाची गणतीच झालेली नव्हती. मिनामाताच्या वाड्यांत 1955 नंतर मान न धरणारी, गिळता न येणारी, हातपाय वाकडे झालेली मुले जन्माला येत होती, आणि डॉक्टर त्याला जन्मजात मेंदूचा पक्षाघात म्हणत होते. तरुण हारादा एका घरी गेले असता त्यांना दोन आजारी भाऊ दिसले. आईने सांगितले, थोरल्याला मिनामाता रोग आहे, धाकट्याला नाही. असे का, तर धाकट्याने मासळी खाल्लेली नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. तिचे स्वतःचे म्हणणे निराळे होते: मासळी मी खाल्ली, ते विष पोटातल्या पोराकडे गेले. गर्भाला आईशी जोडणारी वार विषाला अडवते आणि गर्भ सुरक्षित राहतो, ही त्या काळी वैद्यकाची ठाम समजूत होती, त्यामुळे या बाईचे बोलणे शास्त्राला सोडून होते. मिथिल पारा मात्र शरीरातील एका अमिनो आम्लाशी जोडला गेला की पोषकद्रव्याच्या वाटेनेच वार ओलांडतो, आणि गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईपेक्षाही वाढते. काही माता स्वतः जवळजवळ धडधाकट राहिल्या, त्याचे एक कारण हेच मानतात. प्रौढांत विष मेंदूच्या ठरावीक भागांवर घाला घालते, म्हणून दृष्टीचा घेर आकसतो, बोटे बधिर होतात, तोल जातो. घडत असलेल्या मेंदूत ते सर्वत्र पसरते. मरण पावलेल्या एका मुलीच्या शवविच्छेदनानंतर, नोव्हेंबर 1962 मध्ये, सोळा मुलांना जन्मजात मिनामाता रोग असल्याचे मान्य झाले. पुढे ही संख्या साठच्या वर गेली. गर्भातच गेलेल्यांची मोजदाद नाही. त्या काळात मिनामातात मुलग्यांचे जन्म घटल्याचे मात्र नंतरच्या अभ्यासातून दिसले.

1965 मध्ये निईगाता प्रांतात आगानो नदीकाठी, दुसऱ्या कंपनीच्या अशाच कारखान्याच्या खालच्या प्रवाहात, तोच रोग पुन्हा निघाला. चिस्सोने पाऱ्याची पद्धत बंद केली मे 1968 मध्ये, आणि सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले त्याच वर्षी 26 सप्टेंबरला. हा क्रम बोलका आहे.

त्यानंतरचा वाद रुग्ण कोणाला म्हणायचे यावर आहे. 1977 च्या निकषांनुसार अनेक लक्षणे एकत्र असावी लागत, त्यामुळे केवळ हातपाय बधिर झालेले हजारो अर्जदार बाहेर राहिले. कुमामोतो आणि शेजारच्या कागोशिमा प्रांतांत मिळून मान्यताप्राप्त रुग्ण सुमारे 2,280. याउलट 2009 च्या विशेष कायद्याखाली मदतीसाठी आलेले अर्ज 65 हजारांच्या आसपास. सप्टेंबर 2023 मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने सर्व 128 दावेदारांना बाधित मानले; सहा महिन्यांनी कुमामोतोच्या न्यायालयाने 144 जणांचे दावे फेटाळले. आखातातला गाळ 1990 पर्यंत उपसून आणि भराव घालून 58 हेक्टर जमीन तयार झाली, मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेले जाळे 1997 मध्ये निघाले. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला याच गावाचे नाव आहे आणि भारताने तो 2018 मध्ये स्वीकारला. गर्भातच बाधित झालेली ती मुले आता सत्तरीच्या घरात आहेत, त्यांना भरवणारे आईबाप बहुतेक गेले.

2009 च्या कायद्याने पिढ्यांमध्येही एक रेघ ओढली. नोव्हेंबर 1969 नंतर जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे त्यात जागा नव्हती. पारा आपल्यापर्यंत पोहोचला होता, हे त्यांनी स्वतः दाखवायचे होते. असे दाखवायला बहुतेकांजवळ एकच वस्तू असू शकत होती, आणि तीही आईने ती डबी जपली असेल तर.