सांडणी वारंवार उलटते तेव्हा: औषधाआधी स्वॅब

सांडणी (उंटाची मादी) दोन-तीनदा नराला दाखवूनही उलटते, म्हणजे गाभण राहत नाही, आणि बाहेर स्राव तर दिसत नाही, तेव्हा गर्भाशयातल्या जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा. उंटांचा समागम बसून चालतो, बहुधा 10 ते 20 मिनिटं, आणि वीर्य थेट गर्भाशयात पडतं. त्यासोबत लेंडी-मातीतले जंतूही आत जातात. अडलेल्या सांडणीला अस्वच्छ हातांनी विण्यास मदत केली तरी तेच होतं. ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ट्रुपेरेला पायोजेनिस ही यातली नेहमीची नावं.

इथे सवयीने ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचलं जातं. हीच मोठी चूक. डोस अपुरा पडला की कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात. ई. कोलायकडे तर औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाचं जनुक प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असू शकतं, आणि ते शेजारच्या जंतूलाही मिळतं.

म्हणून आधी स्वॅबने, म्हणजे कापूस लावलेल्या काडीने, गर्भाशयातला नमुना घ्यावा, औषध नंतर. त्याहीआधी सांडणी गाभण नाही याची सोनोग्राफीने खात्री करावी, नाहीतर ती गाभडेल. शेपूट बांधून योनिमुख धुवावं आणि पूर्ण कोरडं पुसावं. ओल राहिली तर तिच्याबरोबर बाहेरचे जंतू आत सरकतात. दुहेरी आवरणाच्या स्वॅबचा कापूस गर्भाशयमुख ओलांडल्यावरच बाहेर काढायचा आणि परतताना आधी नळीत ओढून घ्यायचा. नाहीतर अहवाल योनीतल्या जंतूंचा येतो. नमुना काचपट्टीवर घेऊन न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही पाहाव्यात. त्या नसतील तर वाढलेला जंतू बाहेरचा असण्याची शक्यता बरीच.

प्रयोगशाळेत म्युलर-हिंटन अगर या जंतू वाढवायच्या माध्यमाच्या बशीत नमुन्यातला जंतू पसरून, त्यावर औषधाच्या चकत्या ठेवून बशी 35 अंश सेल्सिअसला 16 ते 18 तास ठेवतात. चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजतात. ई. कोलायसाठी 10 मायक्रोग्रॅम अँपिसिलिनच्या चकतीभोवती ते 13 मिमी किंवा कमी भरलं, तर जंतू दाद देत नाही असं समजावं. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी, त्यामुळे नुसतं मोठं वर्तुळ बघून औषध निवडू नये.

बशीत पू नसतो, हेही ध्यानात ठेवावं. जेंटामायसिनला पेशीत शिरायला प्राणवायू लागतो, तो पुवात नसतो. सल्फा औषधं तर पुवातल्या घटकांनीच निकामी होतात. त्यामुळे पू साचला असेल तर आधी कोमट, निर्जंतुक 0.9 टक्के सलाइनने गर्भाशय धुवावं, परत येणारं पाणी नितळ होईपर्यंत. तीव्र आयोडीन वापरू नये, आतलं अस्तर भाजून चिकटतं.

औषध चालू असताना आणि पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस संपेपर्यंत त्या सांडणीचं दूध माणसांनी पिऊ नये.