‘हे कसलं नाव?’ या प्रश्नामागचा इतिहास

वेगळं नाव घेऊन वाढणाऱ्या मुलाला हजेरीत आपली पाळी आल्याचं आधीच कळतं. शिक्षक यादीवर थबकतात, मनातल्या मनात एकदा वाचून बघतात, मग मान वर करतात. पाठोपाठ ‘हे कसलं नाव?’, ‘कोणी ठेवलं?’ हे प्रश्न येतात आणि मधल्या सुट्टीत चिडवाचिडवी. मुलाची समजूत होते की खोट आपल्या नावातच आहे. पण कुठलं नाव सरळ आणि कुठलं विचित्र, हे अनेक ठिकाणी धर्मसत्तेने आणि सरकारने ठरवून दिलेलं आहे, आणि त्याच्या तारखाही सापडतात.

इटलीतल्या ट्रेंट इथे भरलेल्या धर्मपरिषदेनंतर 1566 मध्ये कॅथलिक पंथाची जी अधिकृत शिकवण छापली गेली, तिच्यात बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला एखाद्या संताचं नाव द्यावं असं सांगितलं होतं. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात हे बंधन सैल झालं आणि लोकांनी मुलांना फुलांची, भाज्यांची, क्रांतीतल्या आदर्शांची नावं दिली. ही मोकळीक फार दिवस टिकली नाही. 1 एप्रिल 1803 च्या कायद्याने फर्मावलं, की निरनिराळ्या कॅलेंडरांत दिवसांपुढे दिलेली (मुख्यतः संतांची) किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींची नावंच नोंदणी अधिकाऱ्याने स्वीकारावीत. विसाव्या शतकात ब्रिटनी भागातल्या एका कुटुंबाने मुलांना ब्रेटन भाषेतली नावं ठेवली, तर त्यांतल्या काहींची नोंद सरकारने नाकारली. घरात सगळे ज्या नावाने हाक मारत होते, ते कागदावर यायलाच तयार नव्हतं. त्या कुटुंबाने वर्षानुवर्षं दाद मागितली. 1966 मध्ये नियम शिथिल झाले, आणि आईवडिलांना खरी मोकळीक मिळाली ती 8 जानेवारी 1993 च्या कायद्याने.

आइसलँडमध्ये नावांना मंजुरी देणारी समिती 1991 पासून आहे. तिथल्या एका मुलीचं नाव व्याकरणाने पुल्लिंगी ठरतं म्हणून नामंजूर झालं होतं, आणि सरकारी कागदांवर तिची ओळख नुसती ‘मुलगी’ अशी होती. जानेवारी 2013 मध्ये, ती 15 वर्षांची असताना, न्यायालयाने तिला स्वतःचं नाव मिळवून दिलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. याच नावासाठी वर्गात दहा वेळा खुलासा करावा लागला असेल, तरी ते सोडून सोपं नाव घ्यावं असं तिला वाटलं नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. न्यूझीलंडमध्ये 2008 साली एका 9 वर्षांच्या मुलीला न्यायालयाने काही काळ आपल्या पालकत्वाखाली घेतलं, ते तिला नाव बदलता यावं म्हणून. आईवडिलांनी तिला अख्ख्या वाक्याचंच नाव दिलं होतं आणि मैत्रिणींपासूनही ती ते लपवत असे. वेगळेपणाची हौस आईवडिलांची आणि ओझं मुलाचं, असं होऊ शकतं. प्रत्येक वेगळं नाव आवडलंच पाहिजे असा आग्रह म्हणूनच मी धरणार नाही.

कायद्यानंतर या नावांच्या मागे लागलं ते मानसशास्त्र. 1948 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे 3,300 विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास छापून आला. दुर्मीळ नावाच्या विद्यार्थ्यांमध्ये नापास होण्याचं आणि मानसिक अस्वास्थ्याचं प्रमाण जास्त दिसतं, असा त्याचा निष्कर्ष होता. असे निष्कर्ष पुढे बरीच वर्षं सांगितले गेले, आणि विचित्र नाव ठेवलं की मुलाचं नुकसान होतं ही समजूत पक्की झाली. पण त्या नावामागे घर कसं होतं, पैसा किती होता, समाजात स्थान काय होतं, हे प्रश्न बाजूलाच राहिले. 1977 मध्ये झ्वाइगनहाफ्ट या मानसशास्त्रज्ञाने प्रतिष्ठित घराण्यांतली माणसं तपासली, तर तिथे दुर्मीळ नावाची माणसं नामवंतांच्या सूचीत उलट जास्त आढळली. 1984 मध्ये फोर्ड, मिउरा आणि मास्टर्स यांना मुलांच्या नावांचा त्यांच्या अभ्यासातल्या प्रगतीशी काही संबंध आढळला नाही.

माझ्या मते यांतला सगळ्यात उपयोगी अभ्यास 1958 चा, स्ट्रंक यांचा आहे. त्यांनी नाव दुर्मीळ आहे का हे न विचारता, ते तुम्हाला आवडतं का असं विचारलं. स्वतःचं नाव न आवडणाऱ्यांचं स्वतःबद्दलचं मतही कमी चांगलं होतं. आधी नाव नावडतं की आधी आपण स्वतःला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. तरी नावाशी जमवून घेणं आणि स्वतःशी जमवून घेणं किती जवळचं आहे, ते त्यातून दिसतं.

आणि ही जवळीक जन्मानंतर काही महिन्यांतच सुरू होते. 1995 मधल्या एका प्रयोगात साडेचार महिन्यांची बाळं इतर नावांपेक्षा आपलं नाव जास्त वेळ ऐकत राहिली. बेल्जियमचे जोझेफ नटिन यांनी 1985 मध्ये दाखवलं, की नकळत का होईना, माणसाला आपल्या नावातली अक्षरं इतर अक्षरांपेक्षा अधिक आवडतात. म्हणजे मोठेपणी आपलं नाव आवडू लागतं तेव्हा हजेरी सुरू होण्यापूर्वीची ओढच परत येत असते, असं मला मनापासून वाटतं. मधल्या काळात ती दबते कशाने, हे रीता कोहली आणि डॅनियल सोलोरझानो यांच्या 2012 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात वाचायला मिळतं. शिक्षक सतत चुकीचा उच्चार करत, नाव परस्पर बदलत, त्यावर हसत. त्यामुळे मुलांना आपल्या नावाची आणि त्यासोबत आपल्या घराची लाज वाटू लागली होती.

‘नेहमीची नावं’ ही गोष्टच आता आटत चालली आहे. अमेरिकेच्या सरकारी नोंदींत 1880 साली दर 100 मुलग्यांपैकी 8 जॉन होते आणि दर 100 मुलींपैकी 7 मेरी. आज तिथल्या पहिल्या क्रमांकाच्या नावालाही शंभरात जेमतेम एक मूल मिळतं. म्हणजे हजेरी घेणाऱ्याला आता एकाच नावापाशी नाही, यादीत पाच-सहा ठिकाणी थबकावं लागणार. अशा वेळी सगळ्या वर्गासमोर अंदाजाने वाचण्यापेक्षा ‘तुझं नाव तू कसं म्हणतोस?’ असं त्या मुलालाच आधी बाजूला घेऊन विचारलं, तर त्याला अर्धं मिनिटही लागत नाही.