मतपेटीत हरलेला फतवा : पाकिस्तानातील समाजवादविरोधाची पार्श्वभूमी

पाकिस्तानात एका माणसाने जास्तीत जास्त किती जमीन बाळगावी, यावर आज कमाल मर्यादा नाही. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत अपील पीठाने (कायदे इस्लामी धर्मशास्त्राशी जुळतात का, हे तपासणाऱ्या पीठाने) ती इस्लामविरोधी ठरवून रद्द केली. हा निकाल समजून घ्यायचा तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

‘इस्लामी समाजवाद’ हे शब्द पाकिस्तानात कुणा डाव्या कार्यकर्त्याने आणले नाहीत. मार्च १९४८ मध्ये चितगावच्या भाषणात खुद्द जिनांनी ते वापरले होते. पुढे सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून १९५१ चा रावळपिंडी कट खटला झाला, कवी फैज अहमद फैज तुरुंगात गेले आणि १९५४ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. तोवर डाव्यांवर वरवंटा फिरवला तो सरकारने.

धर्माच्या अंगाने सर्वांत घट्ट बांधलेला युक्तिवाद मौलाना मौदूदींचा. त्यांचा जन्म १९०३ चा, आपल्या औरंगाबादचा. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. १९४१ मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. त्यांचं म्हणणं असं : हलाल मार्गाने मिळवलेली मालमत्ता सरकारला हिरावून घेता येत नाही. जकात (धर्माने सक्तीचं केलेलं दान), वारसाहक्काची वाटणी आणि व्याजबंदी एवढ्यावर सामाजिक न्याय साधतो. इस्लाम स्वतःच परिपूर्ण असताना त्याला समाजवादाचं ठिगळ कशाला?

१९६७ च्या अखेरीस लाहोरमध्ये पाकिस्तान पीपल्स पार्टी स्थापन झाली, तेव्हा हा वाद पुस्तकांतून रस्त्यावर आला. पक्षाचं ब्रीद होतं : इस्लाम आमचा धर्म, लोकशाही आमचं राजकारण, समाजवाद आमचं अर्थकारण, सर्व सत्ता जनतेची. पक्षाचे संस्थापक झुल्फिकार अली भुट्टो स्वतः सिंधमधल्या लारकान्याचे बडे जमीनदार, पण ‘रोटी, कपडा और मकान’ ही घोषणा पंजाबच्या गिरण्यांत आणि शेतांत वणव्यासारखी पसरली. मार्च १९७० मध्ये टोबा टेक सिंगच्या किसान परिषदेला पूर्व पाकिस्तानातून शेतकऱ्यांचे नेते मौलाना भाशानी आले. दाढी-टोपीतला हा मौलाना उघडपणे समाजवादाची बाजू मांडत होता.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला ११३ उलेमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, फतवा निघाला होता : समाजवाद म्हणजे कुफ्र (इस्लाम नाकारणं), त्याच्या पाठीराख्यांना मदत करणंही धर्मविरोधी. ३१ मे रोजी जमातने ‘शौकत-ए-इस्लाम’ (इस्लामचं वैभव) दिन पाळून शहरोशहरी मोठ्या मिरवणुका काढल्या. भुट्टोंनी उत्तरादाखल ‘मुसावात-ए-मुहम्मदी’, म्हणजे पैगंबरांची समता, असा शब्द पुढे केला.

पण सारे उलेमा एका बाजूला नव्हते, आणि ही गोष्ट नेहमी विसरली जाते. देवबंदच्या मदरशातून निघालेल्या देवबंदी परंपरेतले मुफ्ती महमूद आणि गुलाम गौस हजारवी यांनी या फतव्याला साथ दिली नाही. डिसेंबरच्या निवडणुकीत पश्चिम पाकिस्तानातल्या १३८ पैकी ८१ जागा भुट्टोंना मिळाल्या, जमातला देशभरात चार. डेरा इस्माईल खानमध्ये मात्र भुट्टो हरले, आणि त्यांना हरवलं ते याच मुफ्ती महमूद यांनी.

सत्तेवर आल्यावर भुट्टोंनी मोठे उद्योग, मग बँका ताब्यात घेतल्या आणि बागायती जमिनीची मर्यादा १५० एकरांवर आणली. १९७६ मध्ये भातगिरण्या, पिठाच्या गिरण्या आणि कापसाचे जिनिंग कारखानेही सरकारजमा झाले. माझ्या मते घोडचूक झाली ती इथे. बाजारपेठेतला छोटा व्यापारी दुखावला, आणि मशिदी-मदरशांना वर्गणी देणारा तोच होता. १९७७ मध्ये भुट्टोंविरोधी नऊ पक्षांच्या आघाडीने ‘निजाम-ए-मुस्तफा’ची, म्हणजे पैगंबरांच्या राज्यव्यवस्थेची, हाक दिली, तेव्हा बाजार तिच्या पाठीशी उभा राहिला. आघाडीचे नेते होते मुफ्ती महमूद. भुट्टोंनी घाईघाईने दारूबंदी केली, जुगार बंद केला, शुक्रवारची सुट्टी दिली. तरीही ५ जुलैला लष्करी उठाव करून जनरल झिया सत्तेवर आले.

झियांनी शरियत न्यायपीठं उभी केली आणि वाद कोर्टात गेला. कझलबाश वक्फ (धर्मादाय संस्था) खटल्यात ऑगस्ट १९८९ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी कमाल जमीनधारणेची कलमं रद्द झाली. बहुमताच्या बाजूला न्यायमूर्ती तकी उस्मानी होते. समाजवादाविरुद्ध ठामपणे उभे राहिलेले कराचीचे मुफ्ती मुहम्मद शफी हे त्यांचे वडील. तेव्हा पंतप्रधानपदी बेनझीर भुट्टो होत्या. वडिलांच्या सुधारणांमधली भूमिहीन कुळांच्या सर्वांत कामाची तरतूद त्यांच्याच कारकिर्दीत कायद्यातून पुसली गेली.