कार्बनला सवड किती?

एकाच कांबीतून कापलेले पोलादाचे तीन तुकडे घ्या. तिन्हींत कार्बन सुमारे ०.८ टक्के. तिन्ही भट्टीत लालभडक तापवा. मग भट्टी विझवून पहिला आतच राहू द्या, दुसरा बाहेर काढून हवेत निवू द्या आणि तिसरा थेट पाण्यात बुडवा. पहिल्यावर कानस सहज चालते, दुसऱ्यावर जरा जोर लागतो. तिसऱ्यावर ती नुसती घसरते. पण हातोड्याचा घाव बसला तर हाच तुकडा काचेसारखा तडकू शकतो. त्यांत काही मिसळलं नाही, काही काढलंही नाही. बदलला तो फक्त निवण्याचा वेळ.

तापलेलं पोलाद असं पाण्यात बुडवण्याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो. खरं तर पाणी काही देत नाही, उष्णता तेवढी घाईघाईने काढून घेतं. त्या घाईने काय बिघडतं आणि काय साधतं, ते अणूंच्या मांडणीत डोकावल्याशिवाय कळत नाही.

साध्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसतात. हे फेराइट. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मधला अणू नाहीसा होऊन घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू येतो. हे ऑस्टेनाइट. गंमत अशी की ऑस्टेनाइटची रचना जास्त दाट असते, तरी कार्बन तिच्यातच जास्त मावतो. फेराइटमधली रिकामी जागा बारीकसारीक फटींत विखुरलेली असते; ऑस्टेनाइटमध्ये पोकळ्या कमी, पण ऐसपैस. म्हणून ऑस्टेनाइट वजनाच्या सुमारे २ टक्के कार्बन सामावून घेऊ शकतं, फेराइट मात्र जेमतेम ०.०२ टक्के.

आता आपला तुकडा निवू लागतो. ७२७ अंशांच्या खाली ऑस्टेनाइट टिकू शकत नाही, आणि फेराइट व्हायचं तर कार्बनला बाहेर पडावं लागतं. सवड मिळाली तर तो सरकत जाऊन लोखंडाशी संयोग पावतो आणि सिमेंटाइटचे कठीण पापुद्रे तयार होतात. एक पापुद्रा सिमेंटाइटचा, एक फेराइटचा, असे थरावर थर. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६०च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये घासून चकचकीत केलेलं पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा या थरांची झाक त्यांना मोत्याच्या शिंपल्यासारखी वाटली. पर्लाइट हे नाव त्यावरूनच आलं. भट्टीत रेंगाळलेल्या तुकड्यात कार्बन लांबवर जाऊ शकतो, म्हणून थर जाड आणि पोलाद मऊ. हवेत निवलेल्यात थर बारीक, म्हणून ते अधिक कठीण.

पाण्यातल्या तुकड्यात कार्बनला हलायलाच मिळत नाही. सुमारे २२० अंशांच्या आसपास लोखंडाची मांडणी त्याला आत कोंडूनच बदलते, आणि अडकलेल्या कार्बनमुळे घन एका बाजूने ताणला जातो. हे मार्टेन्साइट, जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावाचं. त्याच्या पट्ट्या धातूतल्या ध्वनीच्या वेगाशी बरोबरी करत वाढतात. इथे घड्याळाला फारशी किंमत नसते: किती मार्टेन्साइट होईल ते किती वेळ थांबलात यापेक्षा किती थंड केलंत यावर ठरतं. म्हणून काही हत्यारं शून्याच्याही बरीच खाली थंड करतात.

या दोन टोकांच्या मधला प्रदेश १९३०मध्ये अमेरिकेत एडमंड डॅव्हनपोर्ट आणि एडगर बेन यांनी धुंडाळला. पातळ तुकडे ठरावीक तापमानाला धरून ठेवायचे, वेगवेगळ्या वेळी पाण्यात टाकायचे आणि तोवर किती रूपांतर झालं ते पाहायचं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान असा आलेख निघाला तो इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा. ७२७ अंशांच्या लगत अणू चपळ असतात, पण बदलण्याची ओढ कमी. खूप खाली ओढ प्रचंड, पण अणू सुस्त. सुमारे ५५० अंशांना दोन्हींचा मेळ बसतो आणि साध्या कार्बन-पोलादात बदल एखाद्या सेकंदात सुरू होतो. हे ‘सी’चं डावीकडचं टोक. मार्टेन्साइट हवं तर निवताना या टोकाच्या आधीच निसटायला हवं. त्याच्या खालच्या पट्ट्यात थांबलात, तर बेनाइट ही वेगळीच रचना मिळते. क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल यांसारखे धातू ‘सी’ उजवीकडे ढकलतात, म्हणजे अधिक मुदत देतात. मग तेल, काही पोलादांत नुसती हवाही पुरते. साध्या पोलादाचा जाड दांडा मात्र पाण्यात टाकूनही वरवरच कठीण होतो.

मार्टेन्साइट ऑस्टेनाइटपेक्षा जागाही जास्त व्यापतं. बाहेरची साल आधी कडक होते, गाभा नंतर फुगू पाहतो आणि कधी कधी तुकडा तडकतो.

म्हणून ताजं मार्टेन्साइट तसंच क्वचित वापरतात. ते पुन्हा १५० ते ६५० अंशांपर्यंत तापवतात. हे टेम्परिंग. कोंडलेल्या कार्बनला थोडी सवड मिळते, तो बारीक कणांत बाहेर पडतो; कठीणपणा थोडा जातो, चिवटपणा येतो. घासलेल्या पृष्ठभागावर २३० अंशांच्या सुमारास गवती पिवळा रंग चढतो, ३००च्या आसपास निळा. हा रंग वरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचा. एमरी कागदाने घासला की तो जातो, आतला कार्बन मात्र सरकला तिथेच राहतो.