हाक कुणाला, ओ कुणाची?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर एखाद्याच्या हातातल्या बोर्डिंग पासवर '६ई ५१३२' छापलंय असं समजा. हा क्रमांक उदाहरणापुरता घेतलाय. मोबाइलवरच्या ट्रॅकिंग ॲपमध्ये तेच विमान 'आयजीओ५१३२' दिसतं. टॉवरमधून त्याला हाक जाते ती 'आयफ्लाय फाइफ वन ट्री टू' अशी. आणि अंगावर रंगवलेलं 'व्हीटी-' पासून सुरू होणारं नाव चौथंच. घरी सिम्युलेटर उडवणारी पोरं व्हॅटसिमसारख्या, जिथं पायलट आणि विमानांना सूचना देणारे कंट्रोलर दोन्ही हौशी माणसंच असतात अशा ऑनलाइन नेटवर्कवर पहिल्यांदा जोडली जातात तेव्हा हमखास इथंच अडखळतात, कारण ती बोर्डिंग पासवरचं नाव टाकून मोकळी होतात.

एसटीकडे बघितलं की उलगडा होतो. 'एमएच-२०' ची पाटी ही त्या गाडीची ओळख. सकाळची परभणी–पुणे ही फेरी. आज ही गाडी, उद्या दुसरी, पण आरक्षण फेरीचं होतं. व्हीटी ही विमानाची पाटी, तर ६ई ५१३२ ही फेरी, म्हणजे फ्लाइट नंबर. तो आहे तिकीट विकण्यासाठी. त्यातला दोन चिन्हांचा कोड आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना देते. नुसत्या अक्षरांच्या जोड्या ६७६ च होतात. म्हणून एका जागी आकडाही चालतो आणि संख्या १,१९६ वर जाते. इंडिगोचा ६ई त्यातलाच. कोडशेअर असेल तर एकाच विमानातली सीट तीन-तीन कंपन्या आपापल्या नंबरानं विकतात.

आकाशात मात्र एका विमानाला एकच हाक लागते. तिच्यासाठी इकाओ ही संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था तीन अक्षरी कोड आणि बोलायचं नाव देते. इंडिगोचं आयजीओ आणि 'आयफ्लाय', एअर इंडियाचं एआयसी आणि 'एअरइंडिया', ब्रिटिश एअरवेजचं बीएडब्ल्यू आणि 'स्पीडबर्ड'. हे नाव आणि पुढचा क्रमांक मिळून कॉलसाइन.

आता 'फाइफ' आणि 'ट्री' कशाला? ही ऐट नव्हे. विमानाच्या रेडिओवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट पोचतो. इंग्रजी फ, स किंवा दातांत घासून येणारा 'थ्री'मधला थ, यांची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते, ती वाटेतच गळते. उरतात स्वर. फाइव्ह आणि नाइन, दोन्हींत 'आइ'च, म्हणून नऊला एक अवयव जोडून 'नाइनर' केलं आणि चारचं 'फोअर' ताणून 'फोवर'. खरखरीत व्यंजन बुडालं तरी शब्दाचा ठेका टिकतो. फोनवर 'एकोणऐंशी की एकोणनव्वद?' हा घोळ आपल्याला नवा नाही, म्हणून मोबाइल नंबर आपण सुटा सुटा सांगतो. कॉलसाइनचे आकडेही तसेच सुटे उच्चारतात. अमेरिकेत मात्र जोडून बोलायची पद्धत आहे, तिकडच्या ऑनलाइन कंट्रोलरकडूनही तशीच हाक ऐकू येईल.

दुसरी गोष्ट याहून भारी आहे. हे रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर, एएम पद्धतीनं चालतात. एफएम इतकं स्वच्छ असताना एएम कशाला? एफएममध्ये दोघं एकदम बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. कुणी गिळला गेलाय हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. एएममध्ये दोघांचा आवाज वाहून आणणाऱ्या दोन्ही वाहक लहरी रिसीव्हरमध्ये एकत्र येतात आणि त्यांच्या वारंवारतेतला फरक शिट्टी होऊन ऐकू येतो. १२० मेगाहर्ट्झवर दोन रेडिओंत दहा लाखात पाच एवढा फरक असला, तर तो होतो ६०० हर्ट्झ, बरोबर कानात बसणारा सूर. ती शिट्टी आली की कंट्रोलर ओळखतो, एका हाकेला दोघांनी ओ दिली. मोंढ्यात 'ओ पाटील!' म्हटल्यावर दहा माना वळतात, तसं. व्हॅटसिमच्या २०१९ पासूनच्या आवाज-यंत्रणेत ही शिट्टीसुद्धा मुद्दाम घातली आहे.

दोघांनी ओ देण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सारखे कॉलसाइन. ५१३२ आणि ५३१२ एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की फसगत ठरलेली. शून्य किंवा पाचावर संपणारा आकडा दिशेच्या आकड्यात मिसळतो, २४० सारखा आकडा उंचीच्या. म्हणून अनेक कंपन्या, विशेषतः युरोपात, कॉलसाइनमध्ये अक्षरं घालतात. ५१३२ च्या फेरीचा कॉलसाइन 'आयजीओ५१केटी' असू शकतो. प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. आय आणि ओ ही अक्षरं टाळलेली बरी, ती एक आणि शून्य दिसतात.

व्हीटीचं एक राहिलंच. 'व्हीटी म्हणजे व्हाइसरॉयज टेरिटरी' हा फॉरवर्ड दर स्वातंत्र्यदिनाला उगवतो. व्ही पासूनचे रेडिओ-संकेत ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्याला आले, त्यातला व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड हा तुकडा भारताचा, इतकंच. ऑस्ट्रेलियाच्या विमानांवर व्हीएच असतं, तिथं कुठला व्हाइसरॉय होता?

आता कामाचं. सिमब्रीफ या फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा आराखडा, बनवून देणाऱ्या साइटवर एअरलाइनच्या रकान्यात आयजीओ, फ्लाइट नंबरमध्ये ५१३२. कॉलसाइन वेगळा हवा असेल तर त्याचा स्वतंत्र रकाना आहे. फ्लाइट प्लॅनमध्ये जे जाईल, तेच अक्षरन् अक्षर व्हीपायलटमध्ये, म्हणजे सिम्युलेटर व्हॅटसिमला जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जोडताना टाका. प्लॅन कॉलसाइनला बांधलेला असतो. एक अक्षर चुकलं तर कंट्रोलरच्या पडद्यावर विमान दिसतं, प्लॅन दिसत नाही. '६ई५१३२' टाकलंत तर त्याच्या यादीत बोलायचं नावच सापडत नाही. जोडल्यावर कॉलसाइन बदलता येत नाही, बाहेर पडून परत यावं लागतं.

एअरबसच्या कॉकपिटमधल्या संगणकाच्या इनिट पानावरचा 'फ्लाइट नंबर' हा रकाना नावानंच फसवतो. तिथंही कॉलसाइनच भरायचा. हॉपी या सिम्युलेटरवाल्यांच्या संदेश-सेवेवरून कंट्रोलरशी लेखी संदेश चालतात ते याच नावानं. तिथं ६ई टाकलं की लॉगऑन जातो, उत्तर येत नाही आणि माणूस इंटरनेटला शिव्या घालत बसतो.

खासगी छोटं विमान असेल तर व्हीटी-एबीसी मधली आडवी रेघ गाळून सलग लिहा. बोलताना त्याचं 'व्हिक्टर ब्राव्हो चार्ली' असं छोटं रूप चालतं, पण आधी कंट्रोलरनं ते वापरलं तरच. आयफ्लाय ५१३२ ला अशी काटछाट नाही.

कॉलसाइन आधीच कुणी घेतलाय असा निरोप आला, तर शेवटी अक्षर चिकटवू नका. प्लॅनच्या रकान्यात सातच जागा असतात आणि आयजीओ५१३२ नं त्या भरल्या. एक आकडा काढा, मग अक्षर घाला.