हेडफोनमधली म्हैस

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकासमोरच काढून पेला हातात देतात. तिथं मी दोन्ही कानांच्या तोंडाशी एकेक बारीक मायक्रोफोन लावून थोडा वेळ नुसता उभा राहिलो. भांड्यात पडणारी धार आधी खणखणीत, मग फेस चढेल तशी दबत गेलेली. मागून गेलेली मोटरसायकल. उजव्या मांडीपाशी म्हशीचा फुसकारा. घरी मित्राला ते हेडफोनवर, डोळे मिटून ऐकवलं. फुसकारा आला तसा त्यानं उजवा पाय आत ओढून घेतला. खोलीत म्हैस नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी पाय हललाच.

हेडफोन लावून अनुभवायची नाटकं याच आपसूक हललेल्या पायावर उभी असतात. प्रेक्षक मिट्ट काळोखात खुर्चीवर बसतो, किंवा कानातला आवाज नेईल तसा गावातून चालतो. पात्रं त्याच्या पाठीमागं येऊन उभी राहतात, कानाशी कुजबुजतात.

यामागचं गणित फार देखणं आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. थेट उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. खरं तर त्याला याहून कितीतरी सूक्ष्म, सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही कळतो. शिवाय डोकं आड आल्यानं बारीक, चढे आवाज पलीकडच्या कानात क्षीण होतात. पण आवाज बरोबर समोरून आला काय किंवा बरोबर मागून, दोन्ही कानांना तो एकाच वेळी पोचतो. तिथं कानाच्या पाळीच्या वळ्या कामाला येतात. समोरचा आवाज त्या एका तऱ्हेनं गाळतात, मागचा दुसऱ्या. म्हणूनच अशा नाटकांचं ध्वनिमुद्रण बऱ्याचदा माणसाच्या डोक्याच्या पुतळ्यावर करतात. त्याला हुबेहूब कान असतात आणि कानांत मायक्रोफोन. आपल्या कानाची पाळी त्या पुतळ्याच्या कानाहून बरीच वेगळी असेल, तर समोरचं पात्र आपल्याला पाठीमागं ऐकू येण्याचीही शक्यता असते.

दोन कानांना दोन वेगळे आवाज देण्याची कल्पना जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या मंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले होते. दूरच्या दालनात दोन कानांना दोन रिसीव्हर लावलेल्या लोकांना गायक मंचावर इकडून तिकडं जातानाही कळत होते.

दिशा कळली म्हणजे भास खरा झाला असं मात्र नाही. शंका आली की आपण नकळत मान वळवतो. खरा आवाज जागच्या जागी राहतो. साध्या हेडफोनमधला आवाज मानेबरोबर फिरतो आणि सोंग उघडं पडतं. म्हणून प्रेक्षकाला काळोखात, स्थिर बसवतात. काळोख भीती दाखवण्यापुरता असतो असं अनेकांना वाटतं. माझ्या मते त्याचं मोठं काम डोळ्यांची साक्ष काढून घेणं हे आहे.

चालत्या नाटकात डोळे उघडेच असतात. तिथं जागा मदतीला येते. कॅनडाच्या कलावंत जॅनेट कार्डिफ १९९१ पासून अशा ध्वनिफेऱ्या रचत आल्या आहेत. जिथं ऐकायचं, तिथंच रेकॉर्ड करायचं ही त्यातली किल्ली. भवानी मंडपाच्या कमानीखाली आवाज दगडावर आपटून परततो, रंकाळ्याच्या काठावर तो मोकळा निघून जातो. स्टुडिओत बोललेलं वाक्य मंडपात ऐकवलं, तर आजूबाजूच्या घुमाऱ्याशी त्याचा मेळ बसत नाही आणि ते डोक्याच्या आतच अडकल्यासारखं वाटतं. तेच वाक्य कमानीखाली रेकॉर्ड केलेलं असेल, तर माणूस खांबाआड कोण आहे ते बघायला जाईल.

आठवणीचं काय होतं, हा मला सगळ्यात ओढ लावणारा भाग. मार्शा जॉन्सन आणि कॅरल रे या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं की आठवण घडलेली की कल्पिलेली, यावर कसलाही शिक्का नसतो. मेंदू तपशिलावरून अंदाज बांधतो. जागा, वेळ, आवाज, स्पर्श भरघोस असले की ‘हे घडलं’ असा कौल देतो. श्राव्य नाटक रचलेल्या प्रसंगाला नेमके हेच तपशील पुरवतं. पायाखाली खरी फरशी, अंगावर खरं ऊन आणि कानात न घडलेलं भांडण. काही महिन्यांनी त्या भांडणाची आठवण खऱ्या खात्यात जमा झाली, तर नवल नाही.

कोल्हापुरात हे व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी जागांचे घुमारे आधी मोजून ठेवायला हवेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह आपण डोळ्यांदेखत जळताना पाहिलं. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा घुमारा संशोधकांनी २०१३ मध्ये मोजून ठेवला होता. २०१९ च्या आगीनंतरही तो संगणकावर उभा करता आला. फुगा फोडून किंवा टाळी वाजवूनही अशी नोंद घेता येते, चांगली यंत्रं असतील तर उत्तमच.

एक पथ्य मात्र कडक हवं. महाद्वार रोडवरून प्रेक्षकाला चालवणार असाल, तर रेकॉर्डिंगमध्ये गाडीचा हॉर्न अजिबात नको. कानाला खरा आणि खोटा हॉर्न वेगळा काढता येणार नाही. चार खोटे ऐकून झाल्यावर पाचव्याला माणूस बाजूला होणार नाही आणि तो पाचवा रिक्षाचा असेल.